‘कोलॅप्स’चा मराठी अर्थ

आमच्या डोंबिवलीच्या घराच्या दारावर बरीच वर्षं ‘प्रगत इंग्रजी शब्दसंग्रह वर्ग’ अशी पाटी होती. ती वाचून माणसं काहीही समजून आत यायची. एका गृहस्थांना वाटलं, इथे जुने शब्दकोश स्वस्तात मिळतात. एक आजी पाटीवरचं ‘इंग्रजी’ आणि ‘वर्ग’ एवढंच वाचून नातवाच्या प्रवेशाची चौकशी करायला आल्या आणि घरात एकही बाक नाही हे पाहून माझ्याकडे संशयाने बघत परत गेल्या. आमचे हे म्हणायचे, “भाजी विकणारे पाहिले, विमा विकणारे पाहिले. शब्द विकणारी बाई आपल्याच घरात निघेल असं वाटलं नव्हतं.” मी म्हणायचे, “माझा माल नासत नाही, एवढं तरी कबूल करा.”

तोही नासतो, हे पुढे कळलं.

माझ्याकडे येणाऱ्यांना इंग्रजी येत असे. ठाण्याच्या कंपन्यांमधले बढती अडकलेले अधिकारी, परदेशी शिकायला निघालेली मुलं, मुलांच्या शाळेतल्या पालकसभेत गप्प बसावं लागतं म्हणून चिडलेल्या आया. कामापुरतं वाचता-बोलता यायचं सगळ्यांना, पण मागणी एकच: “मॅडम, जरा भारी शब्द द्या ना.”

शब्द देणं तसं सोपं असतं. मी धातूंपासून सुरुवात करायचे. संस्कृतमुळे आपल्याला धातूंची सवय असते, इंग्रजीत पुष्कळसे लॅटिनचे निघतात. विम्याची पॉलिसी ‘लॅप्स’ होते हे डोंबिवलीत पोराटोरालाही ठाऊक. त्या लॅप्समध्ये घसरणं, निसटणं आहे. बरा होत आलेला आजार पुन्हा घसरला की ‘रिलॅप्स’, वेळ निसटून गेला की ‘इलॅप्स’. एका धातूवर असे दोन-चार शब्द फुकटात मिळाले की माणूस खूश होऊन घरी जातो. खरं काम त्यानंतर सुरू होतं, कारण शब्दाची सोयरीक बघावी लागते. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ असतो आणि चहा ‘स्ट्राँग’. अदलाबदल केली तर व्याकरण चुकत नाही, पण ऐकणारा गालातल्या गालात हसतो. कुणाचं कुणाशी जमतं हे पाठांतराने कळत नाही. ते वाचून, ऐकून आणि चारदा तोंडावर आपटून कळतं.

तोंडावर आपटूनही ज्यांना कळलं नाही अशांमध्ये कोलशेतच्या एका मोठ्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. त्यांना आपण प्रधान म्हणू. त्यांचं दुःख असं की सभासद नोटिसा वाचत नाहीत, आणि वाचत नाहीत कारण नोटिशीला वजन नाही. त्यांनी माझ्याकडून ‘सेसेशन’ हा शब्द नेला. सेसेशन म्हणजे थांबणं, बंद होणं. पाण्याची टाकी धुवायची होती, तेव्हा त्यांनी लिफ्टमध्ये नोटीस लावली, ‘सेसेशन ऑफ वॉटर’, सकाळी दहापासून. लोकांनी घाईत वाचलं ‘सेशन ऑन वॉटर’. दहा वाजता निम्मी सोसायटी खाली क्लबहाऊसमध्ये पाण्याविषयीच्या सभेला येऊन बसली. एक निवृत्त साहेब तर टँकरबद्दलचे प्रश्न घोकून आले होते. उरलेले निम्मे वर अंगाला साबण लावून उभे होते. प्रधानांचा मला फोन आला. “मॅडम, शब्द बरोबर होता की नाही, एवढंच सांगा.”

“शब्द बरोबर होता, प्रधान.”

“झालं तर मग!” म्हणाले आणि फोन ठेवला. पुढच्या नोटिशीत त्यांनी लोकांच्या वाचनाला ‘डिप्लोरेबल’, म्हणजे शोचनीय, म्हटलं.

नवे शब्द अशी फजिती करतात, पण फार नुकसान करत नाहीत. नुकसान करतात ते जुने, आपल्याला येतातच असं आपण धरून चाललेले. इंग्रजीतले शेकडो शब्द आपल्याकडे येऊन कायमचे स्थायिक झालेत. त्यांची रेशनकार्डं इथली आहेत, आणि वळणही इथलंच. ठाण्याच्या एका हुशार मुलीने परदेशी कॉलेजसाठी निबंध लिहिला होता. त्यात आईबद्दल अभिमानाने वाक्य होतं की माझी आई आता फार ‘सोबर’ आहे. मराठीत सोबर म्हणजे साधी, शांत, भडक साडी न नेसणारी. तिकडे वाचणाऱ्याला वाटलं असतं, या माउलीने मोठ्या कष्टाने दारू सोडली. आणि माउली अशी, की खोकल्याच्या औषधापलीकडे काही तोंडाला लावलेलं नाही. ‘मला बीपी आहे’ हेही तसंच. इंग्रजीत बीपी प्रत्येक जिवंत माणसाला असतं. हे असे शब्द काढून घेणं फार अवघड जातं. नवा शब्द मिळाला की माणूस आभार मानतो, जुना चुकला म्हटलं की भांडायला उठतो.

वर्ग आता बंद आहे. भारी शब्द मोबाईलच सुचवतो, अख्खं पत्र लिहून देतो, आणि बरं देतो. प्रधानांच्या नोटिसा हल्ली निर्दोष असतात असं ऐकते. अजूनही त्या कुणी वाचत नाही. मला वाईट वाटतं ते धंदा गेल्याचं नाही. समोर बसलेल्या माणसाच्या तोंडून चुकीच्या जागी पडलेला शब्द ऐकायचा आणि तो तिथे का पडला असेल याचा माग काढायचा, ही मजा गेली. त्या मागाची एक गोष्ट सांगते. वर्गाच्या अगदी शेवटच्या दिवसांतली आहे.

सुवर्णा दिवा स्टेशनजवळून यायची. कल्याणच्या एका खाजगी रुग्णालयात नर्स, वय पस्तिशीच्या आसपास, चालणं वॉर्डात असल्यासारखं झपझप. आई आणि ती, दोघीच भाड्याच्या घरात राहायच्या. इंग्लंडमधल्या एका रुग्णालयातल्या नोकरीसाठी तिची व्हिडिओवर मुलाखत झाली होती. नर्सिंगची परीक्षा, इंग्रजीची लेखी परीक्षा, सगळं आधीच पार पडलेलं. मुलाखतीत नापास. कारण म्हणून एकच ओळ आली होती: रुग्णाच्या सुरक्षिततेबाबत समाधान झालं नाही. मुलाखत ठरवणाऱ्या एजन्सीने विनवण्या करून आणखी एक संधी मिळवली होती. तीही गेली तर ते दार बंद.

“आईचे गुडघे गेलेत, मॅडम,” ती म्हणाली. “दिव्याला पाणी खालून वर न्यायला लागतं. मला ठाकुर्लीला लिफ्टवालं घर घ्यायचंय, नळाला पाणी येणारं. इथल्या पगारात ते या जन्मी नाय होणार. माझी व्होकॅब्युलरी कमी पडली बघा. तुम्ही ॲडव्हान्स शब्द द्या, बाकी मी बघते.”

मी म्हटलं, आधी मुलाखतीत काय झालं ते जसंच्या तसं सांग.

“त्यांनी विचारलं, पेशंटची तब्येत अचानक बिघडली असा एखादा प्रसंग सांगा. मी एका वयस्कर पेशंटचं सांगितलं, खिडकीजवळच्या बेडवरचे. बीपी उतरायला लागलेलं, मी ऑक्सिजन लावला, डॉक्टरना बोलावलं, इंजेक्शन दिलं, सगळं एकामागोमाग सांगितलं. मग म्हटलं, देन द पेशंट कोलॅप्स्ड.”

“मग?”

“मग मुलाखत घेणाऱ्या दोघींतल्या मोठ्या बाई म्हणाल्या, व्हॉट डिड यू डू नेक्स्ट? मी म्हटलं, सगळ्या नळ्या काढल्या, चेहरा पुसला, डोळे मिटले, आणि नातेवाइकांना कळवलं. त्या दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या, मॅडम. त्यानंतर नीट काही विचारलंच नाही.”

मी मान डोलावत ऐकत होते. मलाही चूक कळली नाही, कारण मीही मराठीच. मग मी तिला तेच पुन्हा, पूर्ण इंग्रजीत म्हणायला लावलं, आणि लक्षात आल्यावर मी कपाळाला हात लावला.

आपल्याकडे रुग्ण कोलॅप्स झाला म्हणजे गेला. कुठल्याही रुग्णालयाच्या व्हरांड्यात हा शब्द याच अर्थाने कानावर पडतो आणि समोरचा डोळ्याला पदर लावतो. इंग्रजीत कोलॅप्स झाला म्हणजे कोसळला, शुद्ध हरपून पडला. तो जिवंत असतो. नर्सने सगळी हुशारी दाखवायची ती त्याच क्षणी. आणि ही बाई त्या दोघींना शांतपणे सांगत होती की माणूस कोसळल्याबरोबर मी त्याच्या नळ्या काढल्या आणि त्याचे डोळे मिटले.

मी तिला हे समजावलं. खरं सांगायचं तर समजावताना मला हसू आवरेना. ती हसली नाही.

“मी सोडून नव्हतं दिलेलं त्यांना,” ती म्हणाली. “शेवटपर्यंत हात धरलेला.”

“अगं, ते मला कळतंय. त्यांना कळलं नाही.”

“त्यांना वाटलं मी असं केलं?” असं तिने दोनदा विचारलं. मला वाटलं, कामाचा अभिमान आहे पोरीला. मला ते आवडलंच.

मग आम्ही कामाला लागलो. तिने ॲडव्हान्स शब्द मागितले होते आणि मी तिच्याकडचे शब्द काढून घेत होते. ‘पेशंट सिरीयस आहे’ म्हणायचं नाही, ‘क्रिटिकल’ म्हणायचं. ‘अनइझी वाटतंय’ म्हणजे नेमकं काय वाटतंय? मळमळ, घाबरं होणं की छातीवर दाब? तिन्हींना वेगळे शब्द आहेत. ‘शुगर आहे’ चालणार नाही. ती फार पटकन शिकायची. ड्यूटी करून आलेली असायची, पण जांभई म्हणून कधी दिली नाही. एका अडचणीवर मात्र आमची गाडी अडली.

कोलॅप्सच्या जागी काय म्हणायचं?

तिच्याकडे शब्दांची वाण नव्हती. “एक्स्पायर्ड,” ती म्हणाली.

“एक्स्पायर तिकडे दूध होतं.”

“पेशंट इज नो मोअर.”

“हे भाषणात.”

“लेफ्ट फॉर हेवनली अबोड.”

“हे तू वर्तमानपत्रातल्या निधनाच्या जाहिरातीतून उचललंस. सुवर्णा, सरळ ‘डाइड’ म्हण.”

“पास्ड अवे म्हणते ना, मॅडम.”

“चुकीचं नाही. पण तू कामावर असशील तेव्हा समोरचा म्हातारा असेल, घाबरलेला असेल, कमी ऐकू येत असेल. तिथे आडपडदा ठेवून भागत नाही. एकच अर्थ निघेल असा शब्द हवा. डाइड.”

तिने मान खाली घातली. “असं तोंडावर कोण बोलतं हो? वॉर्डात आम्ही असं कधीच बोलत नाही. म्हणून तर कोलॅप्स म्हणतो. बाजूच्या बेडवाल्यांना कळायला नको.” मग म्हणाली, “बोलणाऱ्याला पण बरं पडतं.”

इतकी वर्षं मी या धंद्यात, पण तो शब्द आपल्याकडे वाकडा का झाला हे मला त्या दिवशी कळलं. मरणाला ‘मरण’ न म्हणता काहीतरी म्हणायची सोय हवी होती. मराठीतले सगळे शब्द सगळ्यांना समजतात. मग एक इंग्रजी शब्द पडद्यासारखा धरला, आणि वापरून वापरून त्या पडद्याचाच अर्थ मरण झाला. शब्द चुकून बिघडला नव्हता. त्याला कामाला लावलं होतं.

तरी मुलाखत तोंडावर आली होती. मी म्हटलं, ठीक आहे, मग दुसऱ्या रुग्णाचं उदाहरण घे. आयुष्यात इतके पाहिलेस, बरा होऊन हसत घरी गेला असा एखादा सांग. तो शब्द लागणारच नाही.

“नाही, मॅडम. मी यांचंच सांगणार.”

“का पण?”

“हेच मला पूर्ण येतं.”

मी वैतागले. मी वैतागले की माझा आवाज चढतो, हे आमच्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. म्हटलं, “नोकरी तुझी, दार बंद होणार तेही तुझं. एक शब्द म्हणायचा तर एवढे आढेवेढे! तिसरीच्या पुस्तकातला शब्द आहे तो.” तिने सगळं ऐकून घेतलं, पर्स खांद्याला लावली, वाकून नमस्कार केला आणि गेली. शेवटच्या तासापर्यंत तिने तो शब्द उच्चारला नाही. पालथ्या घड्यावर पाणी, असं मी यांना म्हणाले आणि भाजी निवडायला बसले. हात भाजीत होते, पण काळजी तिचीच लागून राहिली होती.

नंतर काही दिवस काहीच कळलं नाही. एका संध्याकाळी बेल वाजली, दारात सुवर्णा, हातात पेढ्यांचा पुडा. निवड झाली होती. मी तिला दारातच मिठी मारली. एरवी मी विद्यार्थ्यांना मिठ्या मारणारी बाई नव्हे.

पेढा हातात घेऊन मी विचारलं, “मग? काय विचारलं?”

“तसंच. तब्येत बिघडलेला पेशंट. मी तेच सांगितलं, बीपी, ऑक्सिजन, सगळं. मग थांबले थोडी. मग म्हटलं, वी ट्राइड. ही डाइड.”

“आलं ना तोंडातून!”

“आलं. मग त्या बाई म्हणाल्या, फॅमिलीला तुम्ही कसं सांगितलंत? याची आपण तयारीच नव्हती केलेली, मॅडम.”

खरंच केली नव्हती.

“मग खरं तेच सांगितलं. म्हटलं, फॅमिली म्हणजे माझी आई. पेशंट माझे बाबा होते.”

मी पेढा पुड्यात परत ठेवला.

ती सांगत होती, आवाज नेहमीचाच. “आमच्याच वॉर्डात ठेवलेलं त्यांना. आई त्यांच्यापाशी बसून होती, सकाळी पाणी भरायला म्हणून दिव्याला गेली. मागे हे झालं. मी आईला फोन केला. नर्ससारखाच केला हो, सवय ना. म्हटलं, आई, बाबा कोलॅप्स झाले, लवकर ये. आई आमची चौथी शिकलेली. तिला काय माहीत? तिला वाटलं, चक्कर येऊन पडले. ती आली ती थर्मासात पेज घेऊन. दारातच मला विचारते, शुद्धीवर आले का गं? गरम आहे तोवर देऊया त्यांना.”

“हे सगळं इंग्रजीत सांगितलंस?”

“सोपे सोपे शब्द लागले, मॅडम, एकदम सोपे. म्हटलं, मी माझ्या आईला चुकीचा शब्द सांगितला, म्हणून ती त्यांच्यासाठी जेवण घेऊन आली. आता मी कुठल्याच फॅमिलीला तसं सांगणार नाही. डाइड म्हणेन, बाजूला बसेन, आणि त्यांना कळलं की नाही ते बघेन. मग मोठ्या बाई म्हणाल्या, नव्या नर्सना आम्ही हेच शिकवतो.”

मला रडू फुटलं. कित्येक दिवस मी तिच्याकडून तो प्रसंग घोटवून घेत होते, क्रियापदं सुधारत होते, ‘इथे पॉज घे’ म्हणत होते, आणि ती दर वेळी मुकाट्याने पहिल्यापासून सुरू करत होती. तीच उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आली.

पाणी प्यायल्यावर मी विचारलं, “आणि त्या पेजेचं काय झालं गं?”

“आईला मी जिन्यात नेलं. तिथे पण माझ्या तोंडातून शब्द फुटेना. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तीच म्हणाली, ‘गेले ना?’ मी नुसती मान हलवली. तिने थर्मास उघडला, झाकणात पेज ओतली आणि माझ्यासमोर धरली. म्हणाली, ‘सकाळपासून उपाशी असशील. पी.’ ”

“मग?”

“प्यायली, मॅडम. सगळी.”